खाडे कोणाच्या खात्यावर?

पाडव्याला सालदाराचं साल भरतं. वर्षाची रक्कम आधीच ठरलेली असते, तिच्यातली बरीचशी उचल म्हणून केव्हाच घरात खर्ची पडलेली असते, आणि हिशेबाला बसल्यावर शेवटी एकच बाब उरते : खाडे किती झाले? सोयरिकीला गेला तो खाडा, दाखल्यासाठी तहसिलात बसून राहिला तो खाडा आणि तापाने फणफणत बाजेवर पडून होता तोही खाडाच. मालक ते रकमेतून कापतो, नाहीतर नव्या सालात तेवढे दिवस जास्तीचे राबवून फेडून घेतो, नाहीतर सोडून देतो. यांतलं काय होणार हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. मालकाचा स्वभाव, त्या वर्षीचं पीक आणि सालदाराशी असलेले संबंध यांवर ते ठरतं.

चार-आठ दिवसांच्या तापाचं असं निभावून जातं. मला लिहायचं आहे ते सहा महिने, वर्षभर घरी बसवणाऱ्या आजाराबद्दल. क्षय, कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं, अर्धांगवायू. अशा आजारात उपचाराचा पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न महाराष्ट्राने गेल्या दहा-बारा वर्षांत बराच हलका केला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. पण ते पैसे दवाखान्याला जातात. घरातला कमावता माणूस खाटेवर असताना किराणा कुठून यायचा, या प्रश्नाला त्या योजनेत जागाच नाही. तो प्रश्न ज्याच्या त्याच्या मालकावर, साहेबावर, नशिबावर सोडलेला आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात धनज बुद्रुक आहे. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला, पुढे देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं, याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. धनजला पोलीस ठाणं आहे. म्हणजे आसपासच्या खेड्यांच्या मानाने हे मोठं गाव : इथे सरकारी पगारदार आहेत, दुकानदार आहेत, शेतकरी आहेत आणि ज्यांच्याकडे दोन हातांखेरीज काही नाही असेही पुष्कळ आहेत. अशा गावात एकाच महिन्यात चार-पाच वेगवेगळ्या घरांतल्या माणसांना क्षय झाला असं धरून चालू. रोगजंतू तोच, सरकारी गोळ्या त्याच, उपचाराची मुदतही तीच, निदान सहा महिने. त्या सहा महिन्यांत कोणाच्या घरात किती पैसे येतील?

जिल्हा परिषदेच्या शाळेतला कायम शिक्षक सगळ्यांत सुरक्षित. त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. उन्हाळी आणि दिवाळीची सुट्टी असल्यामुळे त्याच्या खात्यावर अर्जित रजा फारशी साठत नाही, पण सेवेच्या दर वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा जमा होते. दहा वर्षं नोकरी झाली तर २०० दिवस. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं की दोन अर्धपगारी दिवसांचा एक पूर्णपगारी दिवस करून घेता येतो. तिला परिवर्तित रजा म्हणतात. म्हणजे शंभर दिवस पूर्ण पगार. तीही संपली तर अनर्जित रजा, म्हणजे पुढे मिळणाऱ्या रजेतून आजच घेतलेली उसनवार. सगळं संपलं की असाधारण रजा. तिला पगार नाही, पण नोकरी शाबूत राहते. क्षय, कर्करोग, कुष्ठरोग आणि पक्षाघात यांच्यासाठी नियमांत आणखी वेगळी तरतूद आहे. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनेला स्पष्ट बजावलं आहे, की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येणार नाही, खालच्या पदावर उतरवता येणार नाही. झेपेल अशा कामावर त्याच वेतनाने घ्यावं लागेल.

इतकं सगळं असूनही याच नियमावलीत एक वाक्य आहे : रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. सेवेची निकड असेल तर अधिकारी ती नाकारू शकतो. कर्मचाऱ्याच्या बाजूने एक बंधनही त्याच्यावर आहे. जी रजा शिल्लक आहे आणि मागितली आहे, तिचा प्रकार तो आपल्या मनाने बदलू शकत नाही. त्यामुळे आजारपणाच्या खऱ्या अर्जाला सरसकट नकार सहसा मिळत नाही, पण अर्जाचा प्रवास लांबतो. शाळेतून पंचायत समिती, तिथून वाशीम, मग प्रमाणपत्राबद्दल शंका, मग दुसरं प्रमाणपत्र. रजामंजुरी रखडली की पगारही रखडतो, आणि आजारी माणसाला नेमका तेव्हाच पैसा लागतो. हा त्रास मी छोटा मानत नाही. तरीही गावातल्या इतरांच्या शेजारी ठेवून पाहिलं तर या शिक्षकाच्या हातात एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कोणाकडे नाही : आपले किती दिवस शिल्लक आहेत हे त्याला सेवापुस्तक उघडून सांगता येतं.

त्याच रस्त्यावरच्या विनाअनुदानित शाळेतल्या किंवा कारंज्याच्या एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला ते सांगता येत नाही. तास घेतला तर पैसे. खोकला आवरेना म्हणून वर्गात उभं राहता आलं नाही तर नाहीत. आशा स्वयंसेविकेचं दुःख याहून बोचरं आहे. गावातल्या क्षयरुग्णाच्या घरी जाऊन गोळ्या पोहोचवणारी, त्याचा उपचार पुरा करून घेणारी तीच. साध्या क्षयाचा एक रुग्ण शेवटपर्यंत नेला की तिला त्याचे हजार रुपये मिळतात. तिच्या मोबदल्याचा एक भाग असा कामागणिक मोजलेला असतो. ती स्वतः सहा महिने आजारी पडली तर मोजायला कामच उरत नाही.

दुकानं, पतसंस्था, पेट्रोल पंप, कृषी केंद्रं यांच्यात कामाला असलेल्यांचं काय? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ साली नव्याने झाला. वीस (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा) किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे आठ दिवस नैमित्तिक रजा, आठ सणांच्या सुट्ट्या, आणि वर्षात २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा, जी जास्तीत जास्त ४५ दिवस साठवता येते. आजारपणाची म्हणून वेगळी पगारी रजा या कायद्यात नाही. वीसच्या आत माणसं असतील तर हेही नाही, आणि धनजसारख्या गावात वीस नोकर ठेवणारी दुकानं किती असणार! मग सेठजी ठरवतात. काही जण महिना-दोन महिने निम्मा पगार घरी पाठवतात, दवाखान्यात भेटायला जातात, बरा झाल्यावर परत ठेवून घेतात. अशी माणसं वऱ्हाडात आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या चांगुलपणाची अडचण अशी, की तो मागता येत नाही. जुन्या, विश्वासातल्या, घरच्यासारख्या झालेल्या नोकराला तो मिळतो. सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या पोराला मिळत नाही. सहाव्या महिन्यात तो आटला तर तक्रार कोणाकडे करायची? ज्याने दिलं त्याच्याच विरुद्ध तोंड कसं उघडायचं?

हा प्रश्न आपल्याकडे आजचा नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठ्यांचं निवेदन तयार झालं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत आहे, कारण ती १८९० मध्ये मान्य झाली. अर्ध्या तासाची दुपारची सुटी, कामाचे ठराविक तास, वेळेवर पगार याही मागण्या होत्या. पाचवी मागणी मात्र विस्मरणात गेली. कामावर गंभीर दुखापत होऊन कामगार घरी बसला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा निकामी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. जर्मनीत बिस्मार्कने आजारपणाच्या विम्याचा कायदा केला तो १८८३ साली. म्हणजे परळच्या सभेत अंगठा उठवणारे कामगार जगाच्या फार मागे नव्हते. त्यांचं ऐकणारं सरकार मागे होतं. लोखंड्यांचा शेवटही आजाराशी झुंजतानाच झाला. मुंबईत प्लेग आला तेव्हा ते रुग्णांच्या कामात उतरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच साथीने गेले.

त्यांच्या पाचव्या मागणीला सरकारी उत्तर मिळायला जवळपास चाळीस वर्षं लागली. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला, पण त्यात तात्पुरत्या निकामी झालेल्याला पूर्ण नाही, निम्मा पगार देऊ केला. तोही कामामुळे झालेल्या इजेसाठी आणि ठराविक व्यवसायजन्य रोगांसाठी. घरातल्या कुपोषणातून, कोंदट खोलीतून जडलेल्या क्षयासाठी त्यात काही नव्हतं. आजारपणात पगार चालू राहावा हा विचार पुढे सरकला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४३ साली सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडलं होतं, की अशा विश्रांतीत राष्ट्राचं हित आहे आणि तिचा भार सरकारने उचलायला हवा. आडारकरांचा अहवाल १९४४ ला आला, १९४८ ला कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली.

या योजनेची रचना मला आजही देखणी वाटते, कारण तिच्यात मर्जीला फार थोडी जागा ठेवली आहे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के असा वाटा जमा होतो. सहा महिन्यांच्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर पुढच्या लाभ-मुदतीत आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. पैसे मालक देत नाही, महामंडळ देतं. त्यामुळे मालकाचं तोंड बघावं लागत नाही. आजार लांबणारा असेल तर यादीतल्या ३४ रोगांसाठी दोन वर्षांपर्यंत ८० टक्के रक्कम मिळू शकते, आणि त्या यादीत क्षय आहे, कर्करोग आहे. त्यासाठी मात्र दोन वर्षांची नोकरी आणि १५६ दिवसांची वर्गणी लागते. शिवाय आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढायला कायद्याची बंदी आहे. धनजचा एखादा मुलगा चाकणला किंवा वाळूजला कंपनीत कायम असेल तर क्षय झाल्यावर त्याचं घर या आधारावर उभं राहू शकतं. ठेकेदाराकडून सात-आठ महिन्यांसाठी लागलेला असेल तर त्या अटी भरता भरताच त्याचं काम संपतं. त्याला काढावंही लागत नाही, नुसतं पुन्हा बोलवायचं नाही, एवढं पुरतं.

आणि तो गावीच राहून जिनिंगमध्ये लागला तर? वऱ्हाडातला सगळ्यांत जुना कारखाना म्हणजे कापसाचं जिनिंग-प्रेसिंग. सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या, दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. हवेत कापसाची धूळ, नाकातोंडात तंतू. फुफ्फुसाचा आजार जिथे हमखास होऊ शकतो अशी ही जागा. पण १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखान्यांना योजनेतून वगळलं आणि हंगामी कारखाने म्हणजे काय ते सांगताना जी यादी दिली तिच्यात कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग अगदी आरंभीच आहे. साखर आणि गूळही आहे. म्हणजे सुताच्या गिरणीतला कामगार विम्यात आला आणि त्याच गिरणीला कापूस पुरवणाऱ्या वऱ्हाडातला कामगार बाहेर राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाना बाहेरच ठेवला आहे. यंत्रात हात गेला तर भरपाईचा कायदा आहे. छाती गेली तर कापसाच्या धुळीमुळेच गेली हे सिद्ध करावं लागतं, आणि क्षय झाला तर काहीच नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा अन्याय इथे आहे, कारण तो चुकून राहिलेला नाही, कायद्यात नाव घेऊन लिहिलेला आहे.

आता उरले शेतमजूर. निंदणाला, डवरणीला, वेचणीला जाणारे, रोजाने किंवा किलोवर पैसे घेणारे. यांना रजा नाही आणि खाडाही नाही, कारण खाडा मांडायला निदान वर्षाचा करार लागतो. यांच्या क्षयासाठी सरकार जे देतं ते निक्षय पोषण योजनेतून. एप्रिल २०१८ पासून महिना पाचशे आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये, उपचार चालू आहे तोवर, थेट खात्यात. योजना चांगली आहे, आहारासाठी आहे आणि तिने अनेकांना औषध पुरं करायला बळ दिलं. पण ती बुडालेल्या रोजाची भरपाई नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. हजार रुपये म्हणजे सव्वातीन दिवसांची मजुरी. महिन्यातले बाकीचे दिवस कशावर काढायचे? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. रोगी दोन महिन्यांत ताप उतरला की शेतावर जातो, उन्हात राबतो, गोळ्या सुटतात आणि रोग उलटतो, तोही औषधांना दाद न देणाऱ्या रूपात. म्हणजे सहा महिन्यांचा रोज वाचवायला जाऊन पुढचा उपचार सरकारलाच कितीतरी पटीने महाग पडतो.

मोठ्या आजारासाठी आणखी एक दार आहे : संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८० पासूनची. क्षय, कर्करोग, पक्षाघात, कुष्ठरोग, एड्स यांमुळे कमावता न येणाऱ्या ६५ वर्षांच्या आतल्या माणसाला तिच्यात महिना १५०० रुपये मिळू शकतात. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. आकडा नीट पाहा. विमा योजनेत येण्यासाठी पगाराची मर्यादा २१ हजार आहे, महिन्याला. निराधार ठरण्यासाठी मर्यादा २१ हजार आहे, वर्षाला. रोजगार हमीच्या दराने एखाद्या घरातल्या एकाच माणसाने वर्षात ६८ दिवस काम केलं की ते घर या मर्यादेच्या वर जातं. याच राज्याने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आणली, रक्कम तीच १५०० आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. बहिणींना मिळालं याचा आनंदच आहे. मग खाटेवर पडलेल्या माणसाला २१ हजारांच्या रेघेखाली का कोंबायचं?

अर्थात त्या रेघेवर बोट ठेवून कोणी मोजत नाही. दाखले गोळा करायचे, सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र आणायचं, अर्ज तालुक्याच्या समितीसमोर जायचा आणि समितीने मंजूर करायचं. तलाठ्याने उत्पन्न किती लिहिलं, समितीची बैठक केव्हा झाली, अर्जदाराची बाजू घेऊन कोणी बोललं का, यांवर पुष्कळ अवलंबून. सालदाराचे खाडे मालकाच्या हाती, तसा मजुराचा आजार समितीच्या हाती. आणि धनजहून कारंज्याला जाऊन यायलाही रोज बुडतो.

सोबत राहणाऱ्याचा हिशेब तर कोणीच करत नाही. केमो घ्यायला नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाच्या कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला टाटात जायचं तर रोग्याबरोबर घरातलं एक धट्टंकट्टं माणूस जातं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत विदर्भातून आलेली अशी जोडपी दिसतात. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या त्या संताने परगावच्या रोग्याच्या नातलगाला कुठे झोपायला मिळेल याचा विचार केला होता. त्याच्या बुडालेल्या मजुरीचा विचार मात्र अजून व्हायचा आहे. एका आजाराने घरातले दोन रोज बंद होतात.

यवतमाळ जिल्हा इथून जवळच. २०१७ च्या पावसाळ्यात तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. मेलेल्यांच्या कुटुंबांना सरकारने मदत जाहीर केली. जे वाचले, पण कित्येक दिवस ज्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, हातापायांत त्राण नव्हतं, त्यांच्या पाठीवरचा पंप कोणासाठी होता? त्यांतले मजूर तर मालकाच्या शेतात, मालकाच्या पिकासाठी फवारत होते. शेतकरी अपघात योजनेला सातबारावाल्याचं कुटुंब लागतं. पंप पाठीवर घेणाऱ्या भूमिहीनाचं त्यावर नाव नसतं.

हे सगळं बदलणं अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना महाराष्ट्राचाच इतिहास दाखवायला हवा. ज्याला एक ठराविक मालक नाही त्याला पगारी रजा आणि आरोग्याची सोय कशी देणार, हे कोडं या राज्याने १९६९ च्या माथाडी कायद्याने सोडवलं. अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली, कायदा झाला, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने त्यातून हमालाला मजुरी, पगारी रजा आणि आरोग्याची सोय द्यायची, ही पद्धत रुजली. रोजगार हमी आधी महाराष्ट्रात आली, तीस-पस्तीस वर्षांनी देशात गेली. ऊसतोड कामगारांच्या गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असं ठरलं. ऊस टनावर मोजता येतो तर कापूस क्विंटलवर मोजता येतोच. बाजार समितीत किंवा जिनिंगच्या काट्यावर येणाऱ्या प्रत्येक क्विंटलमागे दोन-चार रुपये खरेदीदाराने भरायचे, तेवढेच सरकारने, आणि त्या निधीतून जिनिंगच्या कामगाराला, सालदाराला, वेचणीच्या बाईला लांबच्या आजारात किमान मजुरीच्या निम्मे तरी पैसे, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या नोंदीवर. निक्षयच्या नोंदी संगणकावर आहेतच. कोणाला क्षय झाला, कोणत्या तारखेला औषध सुरू झालं, हे सरकारला माहीत आहे. खातं क्रमांकही माहीत आहे. हजार रुपये ज्या वाटेने जातात त्याच वाटेने साडेचार हजारही जाऊ शकतात.

मंडळ उभं राहायला वेळ लागेल. पण निराधार योजनेची २१ हजारांची मर्यादा वाढवायला शासन निर्णयाचा एक कागद पुरेसा आहे. जिनिंगला विम्यात आणायला संसदेत जावं लागेल, आणि वऱ्हाडातून तिथे गेलेल्या खासदारांनी हा प्रश्न उचलायला हरकत नसावी. सालदाराच्या करारासाठी तर कोणाकडेच जायला नको. येत्या पाडव्याला रक्कम ठरवताना, डॉक्टरांचा कागद असेल तर वर्षात अमुक दिवस आजारपणाचे, ते कापायचे नाहीत आणि फेडूनही घ्यायचे नाहीत, एवढं ग्रामसभेत एकमताने ठरवून घेता येईल. किती दिवस, हे धनजच्या मालकांनी आणि सालदारांनी समोरासमोर बसून ठरवावं. माझ्या मते तीसच्या खाली येऊ नये.